शेवंतीचं पथ्य

२० सप्टेंबर

आज फ्लाइंग क्लबच्या कार्यकारिणीने माझ्यावर विश्वास टाकला. अध्यक्ष देवेश कामत म्हणाले, बाळासाहेब, बिस्किटांच्या कारखान्यात उभा जन्म गुणवत्ता तपासणीत घालवलेला माणूस आपल्यात असताना आपण बाहेर कशाला शोधतोय? मी अर्थात संकोच दाखवला. तो पुरेसा दाखवून झाल्यावर तेल विश्लेषण समितीचा निमंत्रक झालो. समितीचे बाकीचे सदस्य नंतर नेमायचे ठरले.

आमचा क्लब छोटा आहे. जुहूच्या धावपट्टीच्या कडेला एक हँगर, एक खोली आणि चालू स्थितीतलं एकच दोन आसनी विमान. नोंदणीच्या अक्षरांवरून सगळे तिला शेवंती म्हणतात. इंजिन मोटारीसारखंच पिस्टनचं. तेल बदलताना त्यातलं थोडं बाटलीत भरून परदेशातल्या लॅबला पाठवायचं, मग ते कळवतात की तेलात लोखंड किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती. ज्या धातूचे कण वाढले, तो ज्या भागात आहे तो भाग झिजतोय. थोडक्यात काय, रक्ततपासणी. आणि रक्ताचे रिपोर्ट वाचण्यात मुलुंडमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही.

मी क्लबचा आजीव सभासद आहे. तरुणपणी इथे विमान शिकायला आलो होतो. वर गेलं की उलट्या व्हायच्या, म्हणून जमिनीवरून सेवा करायचं ठरवलं.

घरी सुनंदाने विचारलं, मग सकाळचं चालणं कधी सुरू करणार? माझी साखर गेल्या वेळी काठावर आली होती. म्हटलं, पुढचा रिपोर्ट तर येऊ दे. चालून चालून काही बिघडलं म्हणजे?

२७ सप्टेंबर

रिपोर्ट आला. तो आता थेट माझ्याच ईमेलवर येतो. उघडला तर काय! शिसं हजारांत! तडक आमच्या साडूंना, नंदूंना फोन लावला. ते ट्रॉम्बेहून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, राहायला अजून तिकडेच. ते म्हणाले, एवढं शिसं? माणसं जिवंत आहेत का तिथे? मी हँगरमधल्या सगळ्यांना दूध आणि गूळ द्यायला सांगितलं आणि खिडक्या उघडायला लावल्या.

मग क्लबच्या इंजिनिअर गार्गी ताम्हणे यांना फोन केला. बाई भावाच्या लग्नासाठी रजेवर होत्या, मागे सनई ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, "काका, या विमानाच्या पेट्रोलमध्येच शिसं असतं. तेच तेलात उतरतं. सगळ्यांचं असंच येतं. तुम्ही लोखंड बघा." दूध गवळ्याला परत करायला सांगितलं, पण तोवर ते प्यायलं गेलं होतं.

लोखंड पाहिलं. वाढलेलं होतं. पहिल्यांदा बरंच वाटलं, कारण आमच्याकडे सुनंदा दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेते आणि तिचं काही वाढत नाही. नंतर लक्षात आलं की इथे ते वाढणं वाईट. शेजारच्या रकान्यात सरासरी दिली आहे, तिच्या हे कितीतरी वर. कारखान्यात आमचा नियम साधा होता. मर्यादेबाहेर गेलं की घाणा बाजूला काढायचा, चर्चा नाही.

खाली लॅबचा शेरा होता: 'आयर्न हाय. लो यूज?' शेवटी प्रश्नचिन्ह कसं आलं कळलं नाही, छपाईची चूक असावी. अर्थ मात्र मला क्षणात लागला. आमचे डॉक्टर माझ्या कागदावर तळाला असंच लिहितात, 'लो सॉल्ट, लो शुगर'. इंजिनालाही पथ्य सांगितलंय, वापर कमी करा म्हणून. परदेशी लोक मोजकंच बोलतात, पण मुद्द्याचं बोलतात.

संध्याकाळी तातडीची बैठक झाली. मी रिपोर्टचा मराठी सारांश वाचून दाखवला. 'कमी' म्हणजे किती कमी, असा प्रश्न निघाला. देवेशभाऊ म्हणाले, शंका उरायला नको, शून्य करून टाका.

२८ सप्टेंबर

ऋतिका परब भेटली. ही आमची विद्यार्थिनी, वाकोल्याची. मुलगी हुशार आहे, विमान हातात दिलं की आमचे शिक्षक मागे डोकं टेकून बसतात. परवान्यासाठी लागणारे तिचे उड्डाणाचे थोडे तास बाकी आहेत. लेखी परीक्षा पास होऊन बसली आहे, पण त्या निकालाची मुदत जानेवारीअखेर संपते. तोवर तास भरले नाहीत तर सगळे पेपर पुन्हा द्यायचे.

तिने विचारलं, सर, शेवंती किती दिवस उभी राहणार? म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत. तुझ्याच सुरक्षिततेसाठी आहे हे. ती "ओके सर" म्हणाली. आजकालची मुलं ओके म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं असतं की नसतं, हे मला अजून समजत नाही.

४ ऑक्टोबर

गार्गीबाई रजेवरून आल्या आणि आल्या आल्या वाद. त्यांनी तेलाचा फिल्टर कापून पाहिला, आत धातूचा कण नाही. सिलिंडरचा दाब तपासला, ठीक. म्हणाल्या, "काका, बाकी एकही धातू वाढलेला नाही, फक्त लोखंड वाढलंय. पावसाळाभर विमान या खाऱ्या हवेत नुसतं उभं होतं. हा गंज आहे. तासभर उडवलं की तेल नीट तापतं, आतली ओल निघून जाते. आत्ता उडवा."

मी शांतपणे सांगितलं की रिपोर्ट भावनेने वाचायचा नसतो. खुद्द लॅबनेच कमी वापराचा सल्ला दिला आहे. त्यांनी मूळ कागद मागितला. मी माझा मराठी सारांश दिला, तो जास्त सुटसुटीत आहे, आणि छापलेला मूळ कागद अध्यक्षांच्या कपाटात असतो. सारांश वाचून त्या म्हणाल्या, लॅब असं कशाला सांगेल यार? बाई इंजिनिअर चांगल्या आहेत, पण एका निमंत्रकाला यार म्हणणं शोभत नाही.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. शेवंतीची पूजा झाली. शेपटीला झेंडूचा हार, नाकावर हळदकुंकू. ऋतिका आली होती, साडी नेसून. तिने शेवंतीच्या पंखावरून हात फिरवला आणि बोटांवरची धूळ बघत उभी राहिली. मी पेढा दिला.

आज एक चांगली कल्पना सुचली. विमान उडवायचं नाही, पण अगदीच अंथरुणाला खिळू द्यायचं नाही. रोज सकाळी जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालू करायचं आणि बंद करायचं. मीही घरात सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारतो, छान वाटतं.

गार्गीबाई म्हणाल्या, हे तर न उडवण्यापेक्षा वाईट. तेल नुसतं कोमट होतं, इंजिनात पाणी धरतं आणि ते तिथेच राहतं. त्यांनी तसं लेखी दिलं. मी पोचपावती दिली.

३० ऑक्टोबर

दुसरा रिपोर्ट. लोखंड अजून वाढलं. पण शेरा वाचून डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला लिहिलंय, 'व्हेरी लो यूज?' म्हणजे इतक्या लांबून लॅबला समजलं की आम्ही पथ्य किती कडक पाळतोय. दखल घेतली त्यांनी. प्रश्नचिन्ह याही वेळी आहे. त्यांचा कीबोर्ड दुरुस्तीला आलेला दिसतो.

कार्यकारिणीत हे सांगितलं तेव्हा टाळ्या झाल्या. गार्गीबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, मग लोखंड वाढलं का? या प्रश्नावर देवेशभाऊंनी चहा मागवला.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला आहे. एवढं पथ्य करून दुखणं वाढतं कसं? म्हणजे पथ्यात कुठेतरी कसूर होतेय. उद्यापासून हँगरला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे. सकाळची पाच मिनिटं मात्र चालू ठेवायची.

९ नोव्हेंबर

दुसरं मत घ्यावं म्हणून मी शेवंतीचं थोडं तेल एका स्वच्छ बाटलीतून नंदूंकडे पाठवलं होतं. त्यांनी ओळखीच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत तपासून घेतलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. "बाळ, तेलात मीठ आहे. भरपूर मीठ. तुमच्या इंजिनात समुद्र शिरलाय."

जुहूचा समुद्र धावपट्टीपासून काही फार लांब नाही. मी भरतीओहोटीचं वेळापत्रक शोधायला बसलो. अध्यक्षांना कळवलं. त्यांनी हँगरभोवती वाळूच्या गोण्या रचायला सांगितल्या.

दुपारी जेवताना सुनंदा म्हणाली, माझी बाटली कुठे आहे हो? लिंबाचं लोणचं संपल्यावर मी विसळून ठेवलेली. मी भात कालवत राहिलो. गोण्या मात्र आता रचून झाल्या आहेत, आणि रचलेल्या गोण्या काढण्याचा ठराव कोण मांडणार?

२४ नोव्हेंबर

ऋतिकाचे वडील दशरथ परब क्लबवर आले होते. माहुलला तेलाच्या कंपनीत कँटीन सांभाळतात. कुडाळहून आणलेले नारळ बरोबर होते. मी त्यांना बसवून शिसं, लोखंड, सरासरी, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायबानु, इमान आजारी आसा काय बरा आसा, तेवढा माका सांगा. चेडवाक मी रोज काय सांगू?"

म्हटलं, निरीक्षणाखाली आहे. ते "बरा" म्हणाले आणि निघाले. जाताना हँगरच्या कुलपाकडे पाहिलं. नारळ घेऊ नयेत असं वाटत होतं, पण परत देणं बरं दिसलं नसतं.

सुनंदाने त्या खोबऱ्याची चटणी केली. मला गेली नाही. ॲसिडिटी असावी.

१८ डिसेंबर

आजचा दिवस लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

तिसरा रिपोर्ट कालच आला होता. मी तो बैठकीत उघडायचं ठरवलं, म्हणजे सगळ्यांसमोर पारदर्शक. ऐनवेळी कळलं की चष्मा घरीच राहिला. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून ऋतिका बसली होती, तिला म्हटलं, तू वाच गं मोठ्याने.

तिने आकडे वाचले. लोखंड आणखी वर गेलं होतं. मग ती शेऱ्याकडे आली आणि थांबली. तिने मागचे दोन्ही रिपोर्ट मागितले. देवेशभाऊंनी कपाट उघडून दिले. तिने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तळाच्या ओळींवरून बोट फिरवलं. गार्गीबाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी हळूच कपाळाला हात लावला.

ऋतिका माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सर, हे पथ्य नाहीये. हे कारण आहे. ते विचारतायत, लोखंड वाढलंय, विमान वापरत नाही आहात का?"

मग तिने आजचा शेरा वाचला. त्यात लॅबने एरवीपेक्षा दोन वाक्यं जास्त लिहिली होती. कृपया विमान उडवा, आणि उडवत नसाल तर का नाही ते कळवा.

खिडकीबाहेर वाळूच्या गोण्यांवर एक मांजर झोपलं होतं, सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी म्हटलं, प्रश्नचिन्ह स्पष्ट छापलं नव्हतं. गार्गीबाईंनी पहिला कागद माझ्यापुढे धरला. चष्मा नसतानाही मला ते दिसलं.

त्यांनी हात पुढे करून अध्यक्षांकडे हँगरची किल्ली मागितली.

२२ डिसेंबर

गार्गीबाई म्हणाल्या, आता पाहिल्याशिवाय उडवणार नाही. तीन महिने झालेत, आत काय असेल सांगता येत नाही. एक सिलिंडर उतरवून त्यांनी आत दिवा धरला आणि मला बघायला बोलावलं.

आत एक दांडा असतो, त्याचे उंचवटे झडपा वरखाली करतात. ते आरशासारखे गुळगुळीत हवेत. मोरीत ओली राहून गेलेल्या विळीसारखे दिसत होते, खड्डे खड्डे पडलेले. इंजिन आता पूर्ण खोलायला बाहेर जाणार. उन्हाळ्याआधी परत येत नाही.

मी विचारलं, ऑक्टोबरात उडवलं असतं तर वाचलं असतं का? त्या हात पुसत म्हणाल्या, बहुतेक. आज यार म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ जानेवारी

जबाबदारी निश्चित करण्यासाठी कार्यकारिणीने एकसदस्यीय समिती नेमली. सदस्य मी. देवेशभाऊंचं म्हणणं, प्रकरणाची इतकी सखोल माहिती दुसऱ्या कुणाला आहे?

अहवालाचा मसुदा केला. निष्कर्ष असा की लॅबची भाषा संदिग्ध होती, हवा खारी होती आणि सर्व निर्णय एकमताने झाले होते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी सही करायला पेन घेतलं आणि बाजूला ठेवलं. शाई बरी उतरत नव्हती.

ऋतिका दुसऱ्या क्लबांमध्ये चौकशी करत फिरतेय. सगळीकडे रांग आहे, फेब्रुवारीच्या आत कुणी नाव घालत नाही. एका ठिकाणी मी स्वतः फोन करून शब्द टाकला. त्यांनी विचारलं, तुमच्या क्लबचं विमान काय झालं? मी म्हटलं, निरीक्षणाखाली आहे.

१ फेब्रुवारी

काल तिच्या पेपरांची मुदत संपली.

आज ती क्लबचा हेडफोन परत करायला आली होती. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. माझी दोन्हींची तयारी होती, उत्तरं पाठ होती. तिने हेडफोन टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळलेली. म्हणाली, पेपर पुन्हा देणार आहे. जूनमध्ये. मी म्हटलं, शाब्बास, आपण सगळे तुझ्या पाठीशी आहोत. तेव्हा ती म्हणाली, "सर, मला तुमचा खूप राग आला होता. अजून आहे. पण तुम्ही मुद्दाम नाही केलंत, ते माहितेय मला. म्हणूनच जास्त येतो."

ती गेल्यावर मी हँगरमध्ये गेलो. शेवंतीचं नाक उघडं आहे, इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. शेपटीवरचा खंडेनवमीचा हार कुणी काढलाच नव्हता, सुकून चुरा झाला आहे. मी काढला.

मला फार वाईट वाटलं. हे वाक्य अहवालात कुठेच बसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या मुलीचं वर्ष मी घालवलं.

घरी आल्यावर अहवालावर सही केली नाही. मसुदा फाडला आणि एका ओळीचं पत्र लिहिलं, की शेरा मी चुकीचा वाचला. ते अध्यक्षांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, बाळासाहेब, इतकं टोकाला जाऊ नका, आपण यावर एक उपसमिती नेमू.

१४ फेब्रुवारी

माझा रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काठावरून पलीकडे गेली. कोलेस्टेरॉलही वर. डॉक्टर फोनवर दुसऱ्या पेशंटशी बोलत होते, ते बोलता बोलता माझ्या कागदावर तळाला काहीतरी खरडून मोकळे झाले. लिफ्टमध्ये वाचलं: 'लो ॲक्टिव्हिटी.'

घरी सुनंदाने दार उघडलं आणि विचारलं, काय म्हणाले? डॉक्टरांनी हालचाल कमी ठेवायला सांगितली आहे, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. रिक्षात तयार करूनच आणलं होतं. पण मग मी खिशातून चष्मा काढला, दारातच उभा राहून कागद पुन्हा वाचला. या वेळी प्रश्नचिन्हही नव्हतं.

कागद तिच्या हातात दिला आणि विचारलं, "सुनंदा, हे पथ्य आहे की कारण?"

तिने वाचलं. मग स्टुलावर चढून माळ्यावरून माझे चालायचे बूट काढले, फडक्याने पुसले आणि माझ्यापुढे ठेवले. मी बूट चढवले. वाकताना डावा गुडघा वाजला, तो तिनेही ऐकला.

"उशीर झालाय," ती म्हणाली, "पण चला."